पहिला पाट मी काढला

२८ जुलै १९८७, मंगळवार

परवा नागपंचमी, आणि आमचा पाट अजून माळ्यावर! सकाळी श्रीनाथने शिडी लावून खाली काढला. कोळिष्टकं झाडली, ओल्या फडक्याने पुसला. खालच्या अंगाला माझ्या सासऱ्यांनी तापल्या सळईने आमचं आडनाव कोरलंय. धुरकट झालंय, पण वाचता येतं.

"आई, कुणाकडे द्यायचा ते सांग. नाहीतर गेल्या वर्षासारखा म्हापशाहून तयार आणतो."

तयार! तो म्हापशाचा गणपती — गाल तांबडेलाल, जसा काय लग्नाच्या वरातीतून उठून आलेला. पाया पडले खरी, पण ओळखच वाटली नाही. आपला गणपती आपल्या पाटावर बसून यायला हवा. नागपंचमीपर्यंत पाट चित्रशाळेत पोचवायचा, चितारी त्याच पाटावर मूर्ती घडवणार, चवथीला आपण ती डोक्यावर घेऊन येणार. एका घराचा पाट एकाच शाळेत, पिढ्यानपिढ्या. सोयरीक मोडेल पण पाट हलायचा नाही. आमचा कृष्णनाथ चिताऱ्याकडे जायचा. त्याच्याआधी त्याच्या बापाकडे.

गेल्या श्रावणात तो मी परत आणला. अख्ख्या कोरगावात पहिला पाट मी काढला. माझ्यामागून आणखी तेरा घरांनी. चवथ झाली आणि कृष्णनाथ शाळेला कुलूप घालून निघून गेला. कुठे, ते कुणालाच सांगितलं नाही.

श्रीनाथला म्हटलं, ठेव पडवीत. बघू.

३० जुलै, गुरुवार

नागपंचमी. पातोळ्या केल्या. हळदीची पानं यंदा हातभर झालीत.

दुकानावर जाताना कृष्णनाथच्या चित्रशाळेवरून गेले. दुसरा रस्ता होता, पण पायच तिकडे वळले. ह्या दिवशी तिथे भिंतीला टेकून पाट उभे असायचे, आणि कृष्णनाथ दारात उभा राहून प्रत्येकाला विचारायचा — "उंदीर खंयच्या बाजूक?" कुणाचा उंदीर डावीकडे, कुणाचा उजवीकडे, त्याला सगळं पाठ असायचं, तरी विचारायचा. आज कुलपावर गंज, उंबऱ्यावर तेरडा उगवलेला.

शेजारची पार्वती सोबत होती. म्हणते, "बरा झाला गेलो तो. हाताक गुण नाय त्याच्या."

मी म्हटलं, "हूं."

हूं! एवढंच.

३१ जुलै, शुक्रवार

आज लिहूनच टाकते. वही काही कुणाला सांगायला जात नाही.

गेल्या वर्षी सगळीकडे राजभाषा कोकणी की मराठी, ह्याचा वणवा. घराघरांत दोन तट. मी मराठीची. का नसेन? आम्हा मुलींना शाळा नव्हती. भाऊ पाटीवर काढायचा ती अक्षरं मी चुलीतल्या कोळशाने जमिनीवर गिरवली. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले. पस्तीस वर्षं श्रावणात बायकांना पोथी वाचून दाखवतेय. ती भाषा मला कुणी वाढून दिलेली नाही, मी रांधून खाल्लीय.

कृष्णनाथ दुसऱ्या बाजूचा. त्याने कसल्याशा कागदावर सही केली म्हणे. केली तर केली! त्याचा मला राग नव्हता, खरंच नव्हता. पण एके दिवशी मी पोथी वाचत होते, अर्थ सांगत होते, वीस बायका बसलेल्या, आणि हा माणूस फुलं द्यायला आला तो दारातूनच म्हणाला — "वयनी, तुमी पोथी वाचतास मराठीत, आणि देवाक गाराणा घालतास आमच्याच भाषेत! मगे देव खंयचो?"

बायका हसल्या. पार्वती तर पदर तोंडात कोंबून. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

चार दिवसांनी श्रीनाथला घेऊन शाळेत गेले आणि पाट मागितला. पाटावर मातीचा गोळा बसला होता. गणपतीची मांडी झाली होती. कृष्णनाथने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सुरीने माती खरवडली, पाट विहिरीवर नेऊन धुतला, आपल्याच धोतराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

बायकांनी विचारलं, का गो काढला? भाषेसाठी काढला म्हटलं असतं तर हसल्या असत्या. म्हणून मी सांगितलं — आदल्या चवथीला त्याच्या हातची मूर्ती मोडल्या बोटाची आली. तेव्हापासून घराला उतरण लागली आणि माघात हे गेले.

बोट मोडलेलं होतं. ते काही खोटं नाही.

एका आठवड्यात तेरा पाट निघाले.

२ ऑगस्ट, रविवार

सुविधा आली होती, पणजीहून, स्वतः गाडी चालवत. माझ्या लेकीने स्टिअरिंग धरलेलं पाहून पार्वती दारातच थांबली — "गो बाये, घोव मागे बसता की काय तुझो?" सुविधा म्हणाली, "नाय गो मावशी, तो घराकडे भात शिजयता." दोघी हसून हसून बेजार.

तिच्या कचेरीला गोव्याचं वेगळं राज्य झाल्यावर नवीन काम लागलंय. कारागिरांची यादी करायची. शनिवारी दिवाडी बेटावर हस्तकलेची जत्रा आहे, तिथल्या कलाकारांची घरंही बघायची आहेत. मला म्हणाली, "आई, तू ये. बाबा गेल्यापासून पेडण्याच्या पलीकडे गेली नाहीस. नुसती गाडीत बस, बेट बघ."

आधी नको म्हटलं. मग हो म्हटलं. म्हातारीला हट्ट करवून घ्यायला आवडतो!

८ ऑगस्ट, शनिवार

आत्ताच घरी पोचले. पाय धुतले आणि बसले लिहायला, नाहीतर उद्या मी त्यातलं गैरसोयीचं तेवढं गाळून लिहीन. माझी मला ओळख आहे.

सकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवली. मांडवीतून खनिजाचे बार्ज चाललेले, लालभडक, पाण्याला पोट टेकलेले. बेटावर उतरलो तर रस्ता म्हणजे नुसता बांध — दोन्हीकडे भात, भातापलीकडे पाणी, पाण्यापलीकडे पुन्हा हिरवं. बगळे इतके की धुणं वाळत घातल्यासारखे. सुविधा गाडी हळू चालवत होती. म्हणाली, "कसं वाटतं?" मी म्हटलं, "तुझे बाबा असते तर म्हणाले असते, हंय दोन वाफे घेवया."

जत्रा चर्चच्या पटांगणात. बांबूच्या टोपल्या, सुईने विणलेल्या जाळ्या, शिंपल्यांच्या माळा. मग एका म्हाताऱ्या बाबांच्या घरी गेलो. पांढऱ्या फरश्यांवर निळ्या रंगाने चित्रं काढतात. घराच्या जनेलापाशीच, खिडकीच्या उजेडाला, त्यांचं मेज. माझ्या हातात कुंचला दिला आणि म्हणाले, "काड मगो कितेंय!" मी तुळस काढली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली — "बरी आसा. पूण ही तुळस काय हत्ती?" मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं, आमच्या घरच्या भाषेत. अर्धा तास बोललो. मराठी एकदाही ओठांवर आली नाही, आणि आली नाही हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

पुन्हा जत्रेत आलो. एका मेजावर नारळाच्या करवंट्यांचे दिवे होते, वर मोर रंगवलेले. मी एक उचलला. आणि हात थांबला.

मोराचा डोळा. एका ओढीत काढलेला. वरून जाड, शेवटी केसाएवढा बारीक, टोकाला किंचित वर उचललेला. तसा डोळा आमच्या देवघरात दर चवथीला असायचा. चाळीस वर्षं पाहिलाय मी तो. आपल्या पोराचं हसू माणूस अंधारातही ओळखतो, तसं झालं.

"कोणी केलेत हे?" सुविधाने विचारलं. विकणारी बाई म्हणाली, मालारच्या कमलाक्षीचा भाऊ करतो. पेडण्याकडचा आहे.

सुविधा टाळ्या वाजवायची बाकी! "आई, आपला कृष्णनाथकाका! चल, चल!" तिला काय ठाऊक? तिलाही मी मोडल्या बोटाचीच गोष्ट सांगितलेली. पण तिचा त्याच्यावर राग नव्हता. तरुण माणसं अशा गोष्टी मानत नाहीत. बरं आहे.

गाडीत मी म्हणत होते — आज बोलायचं. आज बोलायचंच.

मालारला, कमलाक्षीच्या पडवीत, तो करवंटी घासत बसला होता. वाळला आहे. मान कोंबड्यासारखी बारीक झालीय. मला पाहून झटकन उठला, करवंट्या घरंगळल्या.

"येवा वयनी, येवा! वाट चुकलात काय? गो कमळ्या, चाय ठेव! आमची वयनी इली!"

आमची वयनी! माझे डोळे भरले. कमलाक्षीने खोबऱ्याच्या वड्या आणल्या. हा खायला घालतोय, विचारतोय — श्रीनाथ कसो, माडांक पाणी बरा आसा मगो, पार्वती अजून तितकीच बडबडता? मी सगळ्याला उत्तर दिलं. पाटाचं सोडून.

सुविधाने सरळ विचारलं, "काका, इथे गणपती नाही करत?"

पडवीभर माती कुठे दिसत नव्हती. एक डबा नाही, एक गोळा नाही.

तो म्हणाला, "नाय गो बाये. मातयेक हात लायना मी आता." मग माझ्याकडे वळला. हात जोडले. बहिणीसमोर, माझ्या लेकीसमोर! "वयनी, त्या वर्सा माझ्या हातचो गणपती तुमच्याकडे मोडून इलो. आणि दादा गेलो. माझ्या हातान तुमच्या घराचा वायट झाला. पुरा गाव म्हणता ता खोटा कसा असात? माका माफ करा."

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. कमलाक्षीही बघत होती, सुविधाही.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "असं नको बोलू रे. देवाची इच्छा."

देवाची इच्छा! माझ्या करणीचं गाठोडं उचललं आणि थेट देवाच्या डोक्यावर ठेवलं.

कृष्णनाथने मान हलवली आणि करवंट्या गोळा करायला लागला. सुविधाने यादीत त्याचं नाव लिहून घेतलं — करवंटीकाम. मी येते म्हणून उठले. नार्वेच्या धक्क्यावरून फेरी घेतली, डिचोलीवरून आलो. डिचोलीत सुविधा कुंभाराकडे थांबली, मडकी घेतली, मला दाखवली. मी छान छान म्हणत होते. एकही मडकं मला आठवत नाही.

९ ऑगस्ट, रविवार

पुनव. श्रीनाथ नदीत नारळ सोडून आला. नारळ बघितला आणि राहवेना.

एकतीस जुलैला मी लिहिलंय, "ते काही खोटं नाही." वहीलासुद्धा फसवलं मी! आता सरळ लिहिते.

मूर्ती मोडून आली नव्हती. अखंड आली होती, सुंदर आली होती. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो ना आपण — लाकडी चौकट, तिला नारळ, सुपाऱ्या, निरफणस, रानातली फळं टांगलेली — त्यातल्या नारळाची गाठ मी मारली होती. श्रीनाथ म्हणत होता, आई, मी आवळतो. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून बांधतेय. संध्याकाळी आरतीच्या आधी गाठ सुटली. नारळ खाली आला तो गणपतीच्या वरच्या हातावर. बोट तुटून पाटावर पडलं.

खोलीत मी आणि हे, दोघंच. मी बोट उचलून हाताला जोडून बघत होते. हे म्हणाले, "गप रव. तुझी चूक नाय. कोणाक सांगू नको." आणि जास्वंदीची फुलं वाहून तो हात झाकला. पाच दिवस तसाच झाकलेला राहिला. नंतर आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. माघात त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

माझी गाठ. माझा नारळ. आणि मी ते दुसऱ्याच्या हाताला चिकटवलं, कारण त्याने वीस बायकांत माझं हसं केलं!

तो माणूस वर्षभर मातीला शिवला नाही. ह्यांना तो दादा म्हणायचा, दोघं मैतर; त्याला वाटतंय ते आपल्याच हाताने गेले.

१२ ऑगस्ट, बुधवार

पत्र लिहायला बसले. "श्री. कृष्णनाथ यांस सप्रेम नमस्कार" — आणि पुढे काही येईना. सरकारी कागदासारखं दिसायला लागलं. चार कागद फाडले. मनात जे येतं ते घरच्या भाषेत येतं आणि ती मला लिहिता येत नाही. मराठीत लिहिते तर माझ्यापेक्षा शहाणी बाई कुणीतरी बोलतेय असं वाटतं.

बरोबर बोलला होता तो दारातून. गाराणं आपल्याच भाषेत घालावं लागतं.

१५ ऑगस्ट, शनिवार

मुलांच्या शाळेत झेंडा. मुलांनी दोन्ही भाषांत गाणी म्हटली. कुणाचं काही बिघडलं नाही.

१८ ऑगस्ट, मंगळवार

श्रीनाथला सांगितलं. सगळं. नारळापासून.

तो म्हणाला, "आई, आता कशाला? तो तिथे बरा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात तुला सगळी मानतात."

"म्हणूनच तर तेरा पाट निघाले ना रे!"

"चवथ आठ दिवसांवर आली. आता सांगून त्याचं काय भलं होणार?"

"हात त्याचा आहे," मी म्हटलं. "तो चांगला आहे हे त्याला कळायला नको?"

त्याने उठून पडवीतला पाट आत आणून ठेवला, पावसाची झड लागत होती म्हणून. माझ्या लेकाचं हे असंच. तोंडाने नाही म्हणेल आणि हात कामाला लागतील.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज पोथी. बायका बसल्या. दोन ओव्या वाचल्या आणि पोथी मिटली. आणि सांगितलं — मराठीत नाही.

"माझ्या हातसून नारळ पडलो. कृष्णनाथाचो हात बरो होतो. मी तुमका खोटा सांगलंय."

मग पार्वती — पहिली पार्वतीच! "म्हणजे? आमच्या आजेसासऱ्यापासूनचो पाट गो तो! तुझ्या एका शब्दार काढलो आमी!"

"होय."

"आणि म्हापशाचो प्लास्टराचो आणलो! तो पाण्यात विरघळाक नाय! दुसऱ्या दिसा तळ्यात तोंड वर करून माझ्याकडेच बघत होतो! मी आठ दिस जेवाक नाय!"

कुणीतरी हसलं. मग कुणी रडलं. दोघीतिघी उठून गेल्या, चपला आपटत. पार्वती शेवटपर्यंत बसली. जाताना म्हणाली, "उद्यापासून पोथी मी वाचतंय. तू आईक." तिला धड वाचता येत नाही. पण मी होय म्हटलं. बरोबर आहे तिचं.

रविवारी श्रीनाथ मला दिवाडीला नेणार आहे. एवढ्या उशिरा मूर्ती होत नाही, ठाऊक आहे. मूर्ती मागायला जात नाहीच. यंदा आमच्याकडे कागदावरचा गणपती पुजायचा. पूर्वी फिरंग्यांच्या भयाने लोक पुजायचे तसा.

२३ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. त्याच्या पडवीत, कमलाक्षीसमोर, सगळं सांगितलं.

कृष्णनाथने हातातली करवंटी खाली ठेवली. म्हणाला, "वयनी, ता माका त्याच सांजेक कळला होता. दादा धावत इल्लो माझ्याकडे. नारळ पडलो म्हणान सांगल्यान. दादा म्हणालो, ती भियेली आसा, तिका बोल लागू नये, तू कोणाकडे काय बोलू नको. मी दादाक शब्द दिल्लो."

म्हणजे पाट खरवडताना त्याला ठाऊक होतं. तेरा घरांचे पाट एकेक करून हातात देताना ठाऊक होतं.

त्या शनिवारी हात जोडून तो माफी मागत नव्हता. मला बोलायला वाट करून देत होता. आणि मी गाडीत जाऊन बसले.